रिपोर्टवर सगळीकडं आर, मग जीनोम वाचून काय मिळतं?

आयसीयूत पेशंट असला आणि ताप काही केल्या हटत नसला की डॉक्टर रक्ताचं नाहीतर लघवीचं कल्चर लावतात, आणि दोन-तीन दिवसांनी जो कागद हातात येतो त्यावर वरती जंतूचं नाव असतं, खाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येक औषधासमोर एक अक्षर. एस म्हणजे हे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे मधलंच काहीतरी, ते डॉक्टरांवर सोडा. कोल्हापुरात राजारामपुरीत लॅबच्या काउंटरवर असा कागद घेऊन उभे राहणारे नातेवाईक हमखास एकच विचारतात, "मॅडम, सगळीकडं आर आर आर आलंय, म्हणजे आता औषधच नाही का हो?"

आणि कोविडनंतर यात एक नवीन प्रश्न ॲड झालाय. तेव्हा टीव्हीवर रोज जीनोम सिक्वेन्सिंग, जीनोम सिक्वेन्सिंग ऐकलेलं, त्यामुळं एखादा शिकलेला भाचा नाहीतर पुण्यात आयटीत असलेला जावई विचारतोच, "या जंतूचं जीनोम करून घेऊया का, पैशाचं बघू आपण." माझं उत्तर ठरलेलं आहे, आणि ऐकणाऱ्याला ते पहिल्यांदा पटत नाही. तुमच्या बेडवरच्या पेशंटला त्याचा उपयोग फार थोडा. खरा उपयोग होतो तो त्याच वॉर्डात पुढच्या आठवड्यात जो ॲडमिट होणार आहे त्याला. हे असं का, ते जरा नीट सांगते.

आधी तो आर कसा येतो ते बघा. पेशंटच्या नमुन्यातून जंतू वाढवायचा, मग जेलीसारख्या दिसणाऱ्या माध्यमाच्या प्लेटवर तो एकसारखा पसरायचा, त्यावर औषध मुरवलेल्या कागदाच्या बारक्या चकत्या ठेवायच्या, जेमतेम ६ मिलिमीटरच्या, आणि प्लेट रात्रभर उबेत. सकाळी औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, तिथं काही उगवलेलंच नसतं, तो गोल पट्टीनं मोजायचा. ज्या चकतीच्या अगदी काठापर्यंत जंतू दाट वाढलाय तिथं आर. क्लेब्सिएला, म्हणजे हॉस्पिटलांत नेहमी सापडणारा एक बॅक्टेरिया, असेल तर प्लेट बघूनच कळतं, मोठमोठे ओलसर चकाकणारे ठिपके, आणि काहींना लूप, म्हणजे जंतू उचलायची बारकी कडी, लावून वर उचलला की चिकट तार येते. आता बऱ्याच ठिकाणी हे सगळं मशीन करतंय, पण मतलब तोच, जंतूला औषधासमोर उभं करायचं आणि वाढतो का मरतो ते बघायचं. एखाद्या प्लेटवर सगळ्या चकत्यांना भिडून जंतू उगवलेला बघितला ना की लॅबमधली माणसं पण दोन मिनिटं गप्प होतात.

म्हणजे प्लेट सांगते, काय चालत नाही. पण का चालत नाही आणि हा बाबा आला कुठून, हे प्लेटला माहीत नसतं. दोन बेडवरच्या दोन पेशंटना क्लेब्सिएला निघाला, दोघांच्या रिपोर्टवर तेच आर, तर एकाचा दुसऱ्याला गेला का दोघंही आपापल्या घरून घेऊन आले? रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून कितीही बघा, कळत नाही. इथं जीनोम लागतो.

जीनोम म्हणजे त्या जंतूचा सगळाच्या सगळा डीएनए, ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला. माणसाचा साधारण ३०० कोटी अक्षरांचा, क्लेब्सिएलाचा साधारण ५५ लाखांचा, ई कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाचा ४६ लाखांच्या आसपास. पहिल्यांदा अख्ख्या बॅक्टेरियाचा जीनोम वाचला गेला तो १९९५ मध्ये, हिमोफिलस इन्फ्लुएन्झीचा, १८ लाख अक्षरं, आणि तेव्हा ते लै मोठं काम होतं. आज तेच काम दोन-तीन दिवसांत होतं. प्लेटवरचा एक ठिपका उचलायचा, वाढवायचा, पेशी फोडून डीएनए बाहेर काढायचा, त्याचे तुकडे करायचे, तुकड्यांच्या टोकांना ओळखीचे छोटे डीएनए जोडायचे आणि मशीनला द्यायचं. इल्युमिनाच्या मशीनमध्ये एकेक अक्षर जोडलं जाताना प्रकाश चमकतो आणि कॅमेरा ते टिपत जातो, दीडशे-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे निघतात. नॅनोपोर म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात डीएनएचा धागा एका सूक्ष्म छिद्रातून ओढला जातो आणि जाताना विजेचा प्रवाह जसा बदलतो त्यावरून अक्षर ओळखतात, याचं सगळ्यात छोटं मशीन तळहातावर मावतं. मग कॉम्प्युटर हे तुकडे एकमेकांवर जुळवून अख्खा मजकूर उभा करतो, एकेक अक्षर पन्नास-शंभर वेळा वाचलेलं असतं म्हणून चूक राहायची शक्यता कमी.

आता यातून कोणाचा कोणाला गेला हे कसं कळतं? जंतू दुभंगताना दरवेळी डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. क्लेब्सिएलात ५५ लाखांत वर्षाला पाच-दहा अक्षरं, बस्स. पण एकदा चुकलं की ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच जाते. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाची एकदा चूक झाली, बाळूचं बाबू झालं, की पुढचे सगळे उतारे बाबूच म्हणतात, आणि तीस वर्षांनी कागद चाळताना कोणता उतारा कशावरून काढला हे त्या चुकीवरूनच ओळखता येतं, तसंच हे. दोन पेशंटच्या जंतूंमध्ये चार-पाच अक्षरांचा फरक असेल तर ते अलीकडेच एका जंतूपासून वेगळे झालेत, म्हणजे वॉर्डातच कुठंतरी देवाणघेवाण झालीय. काही हजार अक्षरांचा फरक असेल तर एकमेकांशी काही संबंध नाही, दोघं आपापल्या घरून घेऊन आले. मधल्या आकड्यांना वाद असतो, क्लेब्सिएलासाठी वीसेक अक्षरांपर्यंत संशय घ्यावा असं साधारण मानतात, पण तारखा आणि कोण कोणत्या बेडवर होतं हे सोबत नसेल तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, २०११ सालचं, वॉशिंग्टनजवळच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या स्वतःच्या हॉस्पिटलातलं. म्हणजे जिथं जगातले भारीतले भारी शास्त्रज्ञ बसतात तिथं. जून महिन्यात न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलातून एक बाई तिथं आल्या, अंगात कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिक्सना न जुमानणारा क्लेब्सिएला, हे आधीपासून माहीत होतं म्हणून त्यांना वेगळं ठेवलं, हातमोजे, गाऊन, सगळं कडक. जुलैच्या मध्याला त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. आणि तीन आठवड्यांनी, ज्याचा त्या बाईंशी कधी संबंधच आला नव्हता अशा दुसऱ्याच पेशंटमध्ये तोच जंतू निघाला. मग तिसरा, मग चौथा, आठवड्याला एक असं सुरू झालं. मधे तीन आठवडे काहीच नाही, त्यामुळं हा बाहेरून वेगळा आला असेल असं म्हणायला पूर्ण वाव होता.

जीनोम वाचल्यावर तो वाव संपला. सगळ्यांचा जंतू त्या पहिल्या बाईंकडूनच निघालेला होता. आणि नुसतं तेवढंच नाही, त्यांच्या घशातला आणि शरीराच्या दुसऱ्या भागांतला जंतू एकमेकांपासून थोड्या अक्षरांनी वेगळा होता, त्यावरून कळलं की तो त्यांच्याकडून एकदा नाही तर वेगवेगळ्या वेळी तीनदा बाहेर पडला. मधे जे तीन आठवडे काही दिसलं नाही तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या तरी आतड्यात गुपचूप बसून होता, ना ताप ना काही. तपासताना सिंकच्या ड्रेनमध्ये सापडला, आणि एका व्हेंटिलेटरवर, जो रीतसर साफ केलेला होता. मग त्यांनी सगळ्याच पेशंटचे स्वॅब घ्यायला सुरुवात केली, खोल्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेनं धुतल्या, पाइप काढून टाकले, भिंत घालून वेगळा भाग केला. एकूण १८ पेशंटना लागण झाली, ११ गेले, त्यातले ६ या जंतूमुळंच. २०१२ मध्ये हे सगळं त्यांनी स्वतःच छापलं, याचं मला कौतुक वाटतं, कारण आपल्या वॉर्डात जंतू फिरतोय हे कबूल करायला कुठलंच हॉस्पिटल सहसा तयार नसतं, इकडं पण नाही आणि तिकडं पण नाही.

त्याच सुमारास इंग्लंडात केंब्रिजला नवजात बाळांच्या विभागात एमआरएसए, म्हणजे बऱ्याच औषधांना न जुमानणारा एक बॅक्टेरिया, फिरत होता, विभाग कसून धुऊन काढला, मग दोन महिने शांतता आणि नंतर परत एका बाळाला. जीनोम म्हणाला तोच आहे. मग कर्मचाऱ्यांची तपासणी केली, १५४ जणांत एका जणात सापडला, त्या माणसाला स्वतःला काहीही त्रास नव्हता. औषधोपचार केले, विषय मिटला. कोणाला दोष द्यायचा नव्हता, फक्त तो कुठं लपलाय ते कळायला हवं होतं.

आता आपल्याकडची गोष्ट थोडी जास्त किचकट आहे. कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेम, इमिपेनेम वगैरे, ही डॉक्टरांची राखीव ठेवलेली औषधं. ती निकामी करणारं एन्झाइम बनवणारा एक जीन, म्हणजे डीएनएमधला एका कामाचा तुकडा, २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका पेशंटच्या क्लेब्सिएलात सापडला, ते त्याआधी दिल्लीत ॲडमिट होते, म्हणून त्याला एनडीएम म्हणतात, न्यू दिल्ली मेटालो-बीटा-लॅक्टमेज. नावावरून इकडं बराच गदारोळ झाला, तो आता बाजूला ठेवू. काम काय करतं, तर औषधाच्या रेणूत चार अणूंची एक कडी असते, तिच्यावरच औषधाची सगळी ताकद, ती कडी हे एन्झाइम जस्ताच्या मदतीनं फोडतं. पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंत बहुतेक सगळ्यांत हीच कडी, त्यामुळं एका जीननं रिपोर्टवर ढीगभर आर येतात.

पण खरी गोम अशी की हा जीन जंतूच्या मुख्य डीएनएवर नसतो, बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर असतो. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं, छोटं, गोल डीएनए, आणि त्यातली बरीच एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकतात, दोन्ही एका जातीचे असायलाच पाहिजेत असंही नाही. आतड्यात क्लेब्सिएला आणि ई कोलाय शेजारी राहतात, क्लेब्सिएलाकडचं प्लाझ्मिड ई कोलायला मिळालं की तोही रेझिस्टंट. आता सातबाऱ्याचा हिशोब इथं गडबडतो. तीन नंबरच्या बेडवर क्लेब्सिएला, सात नंबरच्या बेडवर ई कोलाय, दोन वेगळे जंतू, अक्षरं जुळायचा प्रश्नच नाही, सगळे म्हणणार संबंध नाही. आणि संबंध असतो, जंतू फिरलेला नाही, प्लाझ्मिड फिरलंय. हे पकडायला दीडशे अक्षरांचे तुकडे पुरत नाहीत, कारण प्लाझ्मिडवर तेच तेच मजकूर पुन्हा पुन्हा येतात आणि कॉम्प्युटरला कळत नाही कुठला तुकडा कुठं लावायचा, म्हणून लांब तुकडे वाचणारं नॅनोपोरसारखं मशीन लागतं. माझ्या मते भारतातल्या हॉस्पिटलांसाठी हा भाग नुसत्या जंतूच्या वंशावळीपेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याकडं कमी लक्ष जातं.

भारतातल्या क्लेब्सिएलाचे जीनोम वाचल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, काही ठराविक घराणी सगळीकडं परत परत भेटतात. त्यांना नंबर दिलेले असतात, एसटी २३१, एसटी १४७ असे. एसटी २३१ मध्ये ऑक्सा-२३२ नावाचा, कार्बापेनेम निकामी करणाराच दुसरा जीन वारंवार असतो आणि तो बसलेला असतो एका अगदी पिटुकल्या प्लाझ्मिडवर, जेमतेम ६ हजार अक्षरांच्या. एनडीएम आणि ऑक्सा दोन्ही एकाच जंतूत, असंही सापडतं.

बेडवरच्या पेशंटला उपयोग थोडा म्हटलं, शून्य नाही म्हटलं, ते का ते सांगते. सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम नावाचं महागडं इंजेक्शन आहे, ते ऑक्सा-४८ घराण्यावर चालतं, आणि ऑक्सा-२३२ त्याच घराण्यातला. एनडीएमवर ते चालत नाही. एनडीएम असेल तर डॉक्टर त्याच्या जोडीला अझट्रिओनाम देतात, कारण अझट्रिओनाम एनडीएमला फोडता येत नाही, आणि अझट्रिओनामला फोडणारी बाकीची एन्झाइम्स अव्हिबॅक्टम अडवून धरतं. म्हणजे जीन कोणता हे कळलं तर इंजेक्शन बदलतं. पण त्यासाठी अख्खा जीनोम वाचायची गरज नाही! टीबीसाठी जे जीनएक्स्पर्ट मशीन वापरतात त्याच मशीनवर दुसरं कार्ट्रिज टाकलं की एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी, व्हीआयएम, आयएमपी या कार्बापेनेम निकामी करणाऱ्या जीनपैकी कोणता आहे ते तासाभरात कळतं. जावईबापूंना मी हेच सांगते, पैसे घालायचेच तर डॉक्टरांना आधी या टेस्टबद्दल विचारा, सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट यायच्या आत पेशंटचा निकाल लागलेला असतो, इकडं किंवा तिकडं.

आणि जीनोम वाचून प्लेटला सुट्टी देता येईल असंही नाही. जीन असतो पण कामच करत नाही, असं होतं. उलटंही होतं, ओळखीचा एकही जीन नाही तरी प्लेटवर आर, कारण जंतूनं औषध आत यायची छिद्रंच बारीक केलेली असतात नाहीतर आत आलेलं औषध पंपानं बाहेर टाकतोय. कोलिस्टिनचं बघा, सगळं संपल्यावर वापरायचं जुनं औषध, किडनीला त्रासदायक. त्याला रेझिस्टन्स देणारा एमसीआर-१ हा जीन चीनमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं आणि जगभर खळबळ, तो प्लाझ्मिडवर होता ना. भारतानं २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांना कोलिस्टिन द्यायला बंदी घातली, योग्यच केलं. पण आपल्या क्लेब्सिएलात बहुतेक वेळा कोलिस्टिन चालत नाही ते एमजीआरबी नावाचा जंतूचा स्वतःचाच जीन बिघडल्यामुळं. नुसती "एमसीआर आहे का" एवढीच टेस्ट केली असती तर निगेटिव्ह आली असती आणि पेशंटला कोलिस्टिन दिलं गेलं असतं. अख्खा जीनोम वाचला म्हणून हे कळलं.

आता कोल्हापूरचा विचार करा. इथं पेशंट येतो कुठून? गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, इचलकरंजी, कर्नाटकातलं निपाणी, घाटाखालून कोकणातलं कणकवली-सावंतवाडी. आधी गावातल्या डॉक्टरकडं, मग तालुक्याला चार दिवस, तिथं कॅथेटर घातलेला, मग ॲम्ब्युलन्समधून कोल्हापूर, आणि इथंही नाही जमलं तर पुणे-मुंबई. प्रत्येक ठिकाणी पेशंटबरोबर त्याच्या आतड्यातले जंतू पण ॲडमिट होतात, त्यांचा केसपेपर कोणी काढत नाही एवढंच. युरोपात ३२ देशांतल्या २४४ हॉस्पिटलांतले १७०० वर क्लेब्सिएला वाचले, २०१९ मध्ये ते छापून आलं, त्यात दिसलं की कार्बापेनेम न चालणारे जंतू हॉस्पिटलांमधूनच पसरतात आणि जवळच्या हॉस्पिटलांतले जंतू एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतात. पेशंटची ये-जा जिथं जास्त तिथं नातं घट्ट. आपल्याकडं मात्र हॉस्पिटलच्या भिंतीवर सगळं ढकलून चालणार नाही, दिल्लीत २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांतल्या ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांतल्या २ मध्ये एनडीएम जीन मिळाला होता. म्हणजे हॉस्पिटलमध्ये मिळाला की घरून आणला हा प्रश्न आपल्याकडं जास्त अवघड, आणि म्हणूनच अक्षरं मोजण्याची गरज पण जास्त. (आणि पेशंटला बघायला जीप भरून अख्खी भावकी येते, बेडवर टेकते, पायाला हात लावते, हात न धुता पुढच्या बेडवरच्या ओळखीच्यांना भेटून जाते, यावर मी काही बोलत नाही.)

सिक्वेन्सिंगचा खर्च एका नमुन्याला काही हजार रुपये येतो, पण खरी अडचण पैशापेक्षा पुढची आहे, निघालेला डेटा वाचणारं माणूस पाहिजे आणि वॉर्डातली बेडची नोंद नीट पाहिजे. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं रेझिस्टन्सवर लक्ष ठेवणारं नेटवर्क २०१३ पासून चालू आहे, बंगळुरूच्या केंपेगौडा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये जंतूंच्या जीनोमवर बरंच काम झालंय. प्रत्येक तालुक्याला मशीन नको, त्याची गरज पण नाही, नमुना कुरिअरनं जातो. पण नमुना जपून ठेवलेलाच नसेल, रिपोर्ट दिला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक करून टाकून दिली, तर काय वाचणार? आयसीयूतले कार्बापेनेमला आर आलेले जंतू फ्रीझरमध्ये साठवून ठेवले, उणे ८० ला, तर महिन्याभरात तीन-चार सारखे केस दिसल्यावर मागं जाऊन बघता येतं. एवढं तरी मोठ्या हॉस्पिटलांनी करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत नेवाडा राज्यात २०१६ मध्ये एक सत्तरीतल्या बाई गेल्या. भारतात असताना मांडीचं हाड मोडलेलं, इथं बऱ्याच वेळा हॉस्पिटलात राहिल्या होत्या. तिकडं गेल्यावर जो क्लेब्सिएला निघाला त्याच्यावर अमेरिकेत मिळणारी २६ च्या २६ अँटिबायोटिक्स चालली नाहीत, जीन एनडीएम. त्या वाचल्या नाहीत. पण तिथल्या लोकांनी लगेच त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं, आजूबाजूच्या पेशंटची तपासणी केली आणि तो जंतू दुसऱ्या कोणात सापडला नाही. जंतू जीन तपासायला पुढं पाठवला गेला तो एका साध्याच गोष्टीमुळं, बाई भारतातल्या हॉस्पिटलात राहून आल्यात ही माहिती.

म्हणून पेशंट एका हॉस्पिटलातून दुसरीकडं हलवताना एक करा. फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं यांच्या ढिगात कल्चरचा रिपोर्ट कुठंतरी खाली दबलेला असतो, कधी कधी तर आदल्या हॉस्पिटलातच राहतो. तो मागून घ्या, जुने असतील तेवढे सगळे, आणि फाइलच्या सगळ्यात वर लावा, ॲडमिट करतानाच तिथल्या सिस्टरना दाखवा, "आधी हा जंतू निघालाय" असं तोंडानं सांगा. त्यावरून ते पहिल्याच दिवशी पेशंटला वेगळं ठेवायचं का, स्वॅब घ्यायचा का, कोणतं औषध सुरू करायचं नाही हे ठरवू शकतात, नवीन कल्चरची दोन-तीन दिवस वाट न बघता.